सूक्ष्मदर्शकातील सौंदर्य आणि आपले विद्यार्थी

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





आपल्या मेळाव्यात शिष्यवृत्ती, वसतिगृहे, नोकरीतील अनुशेष आणि स्पर्धा परीक्षा या विषयांवर बोलण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. 'स्पर्धा' म्हटले की आपल्या घराघरांत परीक्षाच डोळ्यांपुढे उभी राहते. आज मात्र आम्ही एका निराळ्या स्पर्धेविषयी बोलणार आहोत. या स्पर्धेत प्रश्नपत्रिका नसते, पदवीचे प्रमाणपत्र कोणी मागत नाही. सूक्ष्मदर्शकातून, म्हणजे आपण ज्याला मायक्रोस्कोप म्हणतो त्यातून, घेतलेल्या छायाचित्रांची ही स्पर्धा आहे. धम्माच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. त्याचे उत्तर भाषण संपेपर्यंत आपोआप मिळेल, अशी आशा आहे.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. येथे बसलेल्या प्रत्येक भगिनीने सुपात तांदूळ घेऊन निवडले आहेत. साठवणीच्या तांदळात एक लहानसा काळपट किडा होतो. त्याला पुढे सोंडेसारखे तोंड असते, म्हणून त्याला सोंडकिडा म्हणतात. लांबी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. त्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि अळी दाणा आतून पोखरून खाते. आपण हा किडा बोटाने उचलून फेकून देतो आणि दिवसभर त्याचा विचारही करीत नाही. २०२५ साली निकॉन कंपनीच्या 'स्मॉल वर्ल्ड' या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला तो याच किड्याच्या छायाचित्राला. चीनमधील झांग यू या छायाचित्रकाराने ते घेतले. तांदळाच्या एका दाण्यावर पंख पसरून उभा असलेला सोंडकिडा, एवढेच त्या चित्रात आहे. हा किडा त्यांना खिडकीच्या कट्ट्यावर पंख पसरलेल्या अवस्थेत वाळून गेलेला सापडला होता. शंभराहून अधिक छायाचित्रे एकत्र करून त्यांनी हे एक चित्र तयार केले. पंखांच्या शिरा, पाठीवरील खवल्यांसारखी ठेवण, पायांची नखे, सारे त्यात स्वच्छ दिसते. ज्याला आपण घाण म्हणून झटकतो, ते किती काटेकोर रचनेचे शरीर आहे, हे एका चित्राने जगाला दाखविले.

ही स्पर्धा १९७५ साली सुरू झाली. साध्या प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रे तेथे स्वीकारली जातात. दरवर्षी जगभरातून दोन हजारांच्या आसपास छायाचित्रे येतात. विद्यापीठातील संशोधक त्यात असतात, तसे घरी छंद म्हणून काम करणारेही असतात. परीक्षक चार गोष्टी पाहतात. चित्रात नावीन्य आहे काय? त्यातून काही माहिती मिळते काय? तांत्रिक काम नीट झाले आहे काय? आणि ते डोळ्यांना खिळवून ठेवते काय? मित्रांनो, या चारांत 'माहिती' हा शब्द आहे, याकडे लक्ष द्या. निव्वळ सुंदर दिसणे येथे पुरेसे नाही. चित्राने खरे सांगितले पाहिजे आणि सुंदर रीतीने सांगितले पाहिजे. आमच्या आजच्या भाषणाचा सारा भर याच एका वाक्यावर आहे.

आता असे चित्र तयार कसे होते, ते थोडक्यात पाहू. सूक्ष्मदर्शकाला एक मोठी अडचण असते. तो वस्तू जितकी मोठी दाखवितो, तितका तिचा पातळ थरच एका वेळी स्पष्ट दिसतो. किड्याची सोंड स्पष्ट केली तर पाठ धूसर होते, पाठ स्पष्ट केली तर सोंड धूसर होते. म्हणून छायाचित्रकार भिंग अगदी थोडे थोडे सरकवीत एकामागून एक छायाचित्रे घेतो. प्रत्येकात एक थर स्पष्ट असतो. मग संगणकावर प्रत्येक छायाचित्रातील स्पष्ट भाग घेऊन एक अखंड चित्र सांधले जाते. २०१८ साली पहिला क्रमांक मिळविणाऱ्या भुंगेऱ्याच्या डोळ्याच्या चित्रासाठी शंभराहून अधिक छायाचित्रे जोडली होती. २०२० सालच्या विजेत्या चित्रासाठी साडेतीनशेहून अधिक लागली. हे काम घाईचे नाही. त्यात टेबल हलले, धूळ बसली, दिवा कमी-जास्त झाला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुसरा प्रश्न रंगांचा. विद्यार्थी आम्हाला विचारतात, 'सर, पेशी खरोखरच अशा हिरव्या-जांभळ्या असतात काय?' बहुतेक वेळा नसतात. बहुसंख्य पेशी पाण्यासारख्या पारदर्शक असतात. म्हणून शाळेत आपण कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकतो, तेव्हा पेशींच्या भिंती आणि केंद्रके उठून दिसतात. प्रयोगशाळेत याहून नेमकी युक्ती वापरतात. पेशीतील एकाच प्रकारच्या घटकाला चिकटेल असे चमकणारे द्रव्य घालतात. एका जेलीफिशच्या शरीरातील हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनाचा असा उपयोग करून घेता आला, आणि त्या कामाबद्दल शिमोमुरा, चाल्फी व त्सिएन या तिघांना २००८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा अशा चित्रातील रंग केवळ शोभेसाठी नसतो. नकाशात नदी निळ्या रेषेने दाखवितात, म्हणून नकाशा खोटा ठरत नाही; रेषा चुकीच्या जागी काढली तर मात्र तो खोटा ठरतो. येथेही तसेच आहे. कोणता रंग कशासाठी, हे चित्राखाली लिहिले की चित्र प्रामाणिक राहते.

ही विद्या कोणी निर्माण केली, हे आमच्या विद्यार्थ्यांनी जाणून घेतले पाहिजे, कारण विज्ञान म्हणजे मोठ्या घरच्या लोकांचे काम, असा न्यूनगंड आपल्या मुलांच्या मनात अजून आहे. १६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंची मोठमोठी चित्रे होती. पिसवेचे चित्र तर घडी उलगडून पाहावे लागे, एवढे मोठे होते. बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांना त्याने दिलेले नाव पुढे पेशीसाठी रूढ झाले. त्याच काळात हॉलंडमधील डेल्फ्ट गावी आंतोनी व्हान लेव्हेनहूक नावाचा एक कापड-व्यापारी राहत होता. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. विद्वानांची लॅटिन भाषा त्याला येत नव्हती. चित्रेही त्याला नीट काढता येत नसत, म्हणून त्याने पैसे देऊन चित्रकार ठेवला. पण स्वतःच्या हाताने घडविलेल्या इवल्याशा एका भिंगातून त्याने जे पाहिले, ते त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते. १६७३ पासून तो आपल्या मातृभाषेत, डच भाषेत, लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिहू लागला. १६७६ साली त्याने कळविले, की पाण्याच्या थेंबात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव हालचाल करीत आहेत.

सोसायटीतील विद्वानांना हे पटले नाही. एका अशिक्षित व्यापाऱ्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? त्याने गावातील प्रतिष्ठित साक्षीदारांची पत्रे पाठविली. पण वाद मिटला तो पत्रांनी नव्हे. १६७७ साली रॉबर्ट हूकने मिरी घातलेले पाणी तयार केले, सूक्ष्मदर्शक मांडला आणि सभासदांना सांगितले, की येऊन स्वतः पाहा. त्यांनी पाहिले. जीव होते. १६८० साली तो कापड-व्यापारी रॉयल सोसायटीचा सभासद झाला.

बंधू-भगिनींनो, 'येऊन स्वतः पाहा' हे शब्द आपल्याला नवे नाहीत. धम्माचे जे गुण आपण वंदनेत आठवतो, त्यांतला एक गुण 'एहिपस्सिक' हा आहे. त्याचा अर्थच 'या आणि पाहा' असा आहे. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी हेच समजावून सांगितले. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका. स्वतः जाणून घ्या. लेव्हेनहूकने कालामसुत्त वाचले नव्हते, पण त्याच्या बाजूने निकाल लागला तो याच न्यायाने. व्यापाऱ्याची जात-पात, भाषा, शिक्षण बाजूला राहिले आणि थेंबाची साक्ष ग्राह्य झाली.

पाण्याच्या थेंबाचा विषय निघालाच आहे, तर दोन गोष्टी सांगतो. भिक्खूंच्या आठ परिष्कारांमध्ये चीवर, भिक्षापात्र, वस्तरा यांच्याबरोबर पाणी गाळण्याचे फडके आहे. पाण्यातील जीव पोटात जाऊन मरू नयेत, म्हणून पाणी गाळून घ्यावयाचे. पाण्यात जीव असतात आणि त्यांचीही काळजी करावयाची असते, ही जाणीव या धम्मात अडीच हजार वर्षांपासून आहे. डोळ्यांना दिसतील तेवढेच जीव तेव्हा गाळता येत. न दिसणारे दाखविण्याचे काम सूक्ष्मदर्शकाने केले.

दुसरी गोष्ट महाडची. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर तळे बाटले म्हणून १०८ घागरींचा विधी करून त्याची 'शुद्धी' करण्यात आली. त्या विधीत शेण, गोमूत्र, दही, दूध वापरले गेले. विद्यार्थ्यांनो, आम्ही तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. विधीपूर्वीच्या पाण्याचा एक थेंब आणि विधीनंतरच्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी-शेजारी ठेवला असता, तर अधिक जंतू कोणत्या थेंबात दिसले असते? थेंबात शेवाळ दिसते, जंतू दिसतात, मातीचे कण दिसतात. पाणी कोणाच्या ओंजळीतले आहे, हे मात्र जगातील कोणत्याही भिंगातून दिसत नाही, कारण तसे काही त्यात नसतेच. हजारो वर्षे ज्याच्या नावाने माणसाला पाण्यापासून दूर ठेवले, ते डोळ्यांनी दाखविता येत नाही. म्हणून पाहण्याचे साधन आपल्या मुलांच्या हाती असणे ही आपल्या दृष्टीने केवळ छंदाची बाब नाही.

परंतु पाहणारा प्रामाणिक नसेल तर साधन काय करणार? हाताने काढलेल्या चित्रात काढणाऱ्याचे मत उतरते, ही अडचण शास्त्रज्ञांना फार आधी जाणवली होती. म्हणूनच जर्मनीतील डॉ. रॉबर्ट कॉख यांनी जंतूंची छायाचित्रे घेण्याचा आग्रह धरला आणि १८७७ साली ती प्रसिद्ध केली. हेच कॉख, ज्यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. छायाचित्र आले म्हणजे खोटेपणा संपला, असे मात्र झाले नाही.

अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात जेरिको या खेड्यात विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता. त्याची आई पूर्वी शिक्षिका होती. तिने त्याला घरीच शिकविले आणि आपला जुना सूक्ष्मदर्शक त्याच्या हाती दिला. शेतीची कामे सांभाळून हा तरुण हिवाळ्यात थंडगार पडवीत उभा राहून हिमकणांची छायाचित्रे घेण्याची खटपट करी. श्वास लागला तरी हिमकण विरघळतो, म्हणून श्वास रोखून काम करावे लागे. १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधी, त्याला पहिले छायाचित्र साधले. पुढे आयुष्यभरात त्याने पाच हजारांहून अधिक हिमकणांची छायाचित्रे घेतली. १९३१ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो वारला. गावच्या लोकांना त्याचे वेड कळले नाही, पण आज हिमकणाचे चित्र काढणारा प्रत्येक जण त्याचा ऋणी आहे.

याच बेंटलीवर एक आक्षेपही आला होता. हिमकण उठून दिसावा म्हणून तो निगेटिव्हच्या प्रतीवर कणाच्या कडेने चाकू फिरवून बाहेरचा भाग खरवडून टाकी, म्हणजे छापताना पार्श्वभूमी काळी येई. जर्मनीतील अभ्यासकांनी विचारले, की चाकू फिरविताना कणाची कड बदलली नाही कशावरून? शिवाय तो सुबक, सहा बाजू सारख्या असलेले कण निवडी. प्रत्यक्षात बहुतेक हिमकण वेडेवाकडे असतात. बेंटली लबाड होता, असे आम्ही म्हणत नाही. त्याने काय केले ते त्याने लपविले नाही. पण सौंदर्याचा मोह सत्याला कुठे ढकलू शकतो, हे या उदाहरणावरून समजते. आज संगणकावर एका क्षणात नको ते पुसता येते आणि हवे ते जोडता येते. मग तर ही सावधगिरी शतपटीने हवी.

हा मोह परक्यांनाच होतो असे नाही. आमच्यावर आलेला प्रसंग सांगतो. आपल्या रविवारच्या अभ्यासवर्गासाठी एका उपासकांनी जुना, विद्यार्थ्यांसाठी असतो तसा सूक्ष्मदर्शक दान दिला. आरसा डागाळलेला होता, पण भिंगे चांगली होती. मुलांनी पुठ्ठ्याची नळी करून त्यावर मोबाईल फोन बसविला आणि नेत्रिकेतून छायाचित्रे घेऊ लागली. मागच्या पावसाळ्यात एका नववीतल्या मुलीने डबक्यातील पाण्याचे छायाचित्र घेतले. हिरव्या तंतूंच्या मधोमध एक वाटोळा, चकचकीत गोल आणि त्याला जाड काळी कड. छायाचित्र फार देखणे होते. आम्ही सर्वांसमक्ष सांगितले, 'ही शेवाळातील एक मोठी पेशी आहे.' मुलीने चित्राखाली तसे लिहिले. एका छायाचित्र स्पर्धेत ते पाठवावयाचे ठरले. सर्वांना बक्षिसाची खात्री वाटू लागली.

तेव्हा सातवीतला एक मुलगा म्हणाला, 'सर, वरची काच जराशी दाबून बघू का?' त्याने काडीने काच दाबली. आमची ती पेशी सरकली, चपटी झाली आणि तिचे दोन गोल झाले. तो हवेचा बुडबुडा होता. सूक्ष्मदर्शक हाताळणारा प्रत्येक नवशिका ही चूक करतो, पण आम्ही नवशिके नव्हतो. वर्गात कोणी बोलेना. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. खरे सांगतो, आमच्याही मनात क्षणभर आले, की चित्र तर सुंदर आहे, परीक्षकांना काय कळणार? जाऊ द्यावे तसेच. शिवाय शिक्षकाचा शब्द खाली पडू नये, हाही अहंकार होताच.

निर्णय त्या मुलीनेच घेतला. तिने ओळ खोडली आणि लिहिले, 'शेवाळाच्या तंतूंमध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा.' चित्र त्याच नावाने गेले. त्याला बक्षीस मिळाले नाही. पण त्या रविवारी आमच्या वर्गात कालामसुत्त ज्या रीतीने शिकविले गेले, त्या रीतीने आम्ही ते वीस भाषणांतूनही शिकवू शकलो नसतो. गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे आम्ही मुलांना सांगत आलो होतो. त्या दिवशी एका मुलाने ते आमच्यावरच लागू केले. आम्हाला वाईट वाटले आणि नंतर फार आनंद झाला.

आता कोणी म्हणेल, सुंदर चित्रांनी पोट भरते काय? त्याला आम्ही २०२० सालच्या विजेत्या चित्राचा दाखला देऊ. ते झेब्राफिश नावाच्या छोट्या माशाच्या पिलाचे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॅनियल कॅस्ट्रानोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घेतले. त्या चित्रामागच्या कामातून असे दिसले, की या माशाच्या कवटीच्या आतही लसिकावाहिन्या असतात. तोपर्यंत त्या फक्त सस्तन प्राण्यांतच असतात, अशी समजूत होती. मासा सहज वाढविता येतो, त्यामुळे मेंदूच्या विकारांच्या अभ्यासाला एक सोपी वाट मिळाली. २०२३ सालचे विजेते चित्र उंदराच्या जातीच्या प्राण्याच्या डोळ्यातील नेत्रमज्जेच्या टोकाचे होते. ते घेणारे ऑस्ट्रेलियातील हसनैन कंबरी मधुमेहाने डोळ्यांवर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास करतात. आपल्या वस्तीत मधुमेहाने नजर गेलेली माणसे आपण पाहतो. त्यांच्यासाठी चाललेल्या संशोधनातील एक चित्र जगात सर्वांत सुंदर ठरते, ही गोष्ट मनाला उभारी देणारी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, सुरुवात कशी करावी, हेही सांगतो. महागडे यंत्र हवेच असे नाही. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे मनू प्रकाश यांनी सहकाऱ्यांसह कागदाची घडी घालून होणारा 'फोल्डस्कोप' तयार केला आणि २०१४ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याच्या सुट्या भागांचा खर्च एका डॉलरपेक्षा कमी होता. एका बारीक भिंगावर तो चालतो, म्हणजे लेव्हेनहूकचीच युक्ती साडेतीनशे वर्षांनी कागदावर आली. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्यांच्या प्रयोगशाळेच्या सहकार्याने तो देशातील अनेक शाळा-महाविद्यालयांपर्यंत नेला.

पहिले महिनाभर स्पर्धेचा विचारही करू नका. कांद्याचा पापुद्रा घ्या. काच एका कडेने हळूहळू टेकवा, म्हणजे आमच्यासारखा बुडबुडा होणार नाही. मिठाचे आणि साखरेचे पाणी काचपट्टीवर वाळू द्या आणि दोहोंचे स्फटिक ताडून पाहा. ध्रुवीकरण करणाऱ्या दोन पट्ट्या मिळाल्या तर त्यांच्या मध्ये ते ठेवा. साखरेचे स्फटिक अनेक रंगांनी उजळतील, मिठाचे तसे उजळणार नाहीत. असे का होते, ते शोधा. डबक्यातील पाणी, पिठातील किडा, फुलातील पराग, पानाच्या मागची बाजू, सारे तुमच्या दाराशी आहे. एक वही ठेवा. वस्तू कोठून आणली, कोणत्या दिवशी, किती पट मोठी केली, कोणता रंग घातला, संगणकावर काय बदलले, हे सारे तीत लिहा. वही नसेल तर चित्र मुके राहते. चित्र निवडताना दहा जणांना दाखवा आणि जो शंका काढील त्याचे आभार माना. मग स्पर्धेचे नियम शब्दन् शब्द वाचा आणि पाठवा. पाठविणाऱ्या हजारांत बक्षीस थोड्यांनाच मिळते. पण चित्र पाठवावयाचे म्हणून तुम्ही जे पाहण्यास शिकता, ते कोणी काढून घेत नाही.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना आणि दानशूर सभासदांनाही एक विनंती आहे. आम्ही शाळेत असताना आमच्या शाळेतील सूक्ष्मदर्शक काचेच्या कपाटात कुलपात असे. वर्षातून एकदा रांग लावून पाहू देत आणि शेवटच्या बाकावरच्या मुलांची पाळी येईपर्यंत घंटा होई. शेवटच्या बाकावर कोण बसत असे, हे आपणास सांगावयास नको. आम्ही त्या रांगेतून न पाहताच परतलो होतो. ती खंत आम्ही अजून बाळगून आहोत. आपल्या अभ्यासिकेत पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक-दोन चांगले सूक्ष्मदर्शक असावेत आणि त्यांना कुलूप नसावे. वर्षाकाठी मुलांनी घेतलेल्या छायाचित्रांचे प्रदर्शन बुद्धजयंतीला विहारात भरवावे. प्रत्येक चित्राखाली मुलाचे नाव आणि खरी माहिती असावी. विहारात येणाऱ्या आजी-आजोबांनी नातवंडांना विचारावे, 'बाळा, हे काय रे?' आणि नातवंडांनी त्यांना भिंगापाशी नेऊन म्हणावे, 'आजी, ये आणि पाहा.'

ज्या समाजाला शतकानुशतके शिक्षणाच्या दाराबाहेर ठेवले, त्या समाजातील मुलगी स्वतःच्या डोळ्यांनी पाहते, स्वतःच्या हाताने चूक खोडते आणि खरे तेच लिहिते, याहून सुंदर छायाचित्र आम्हाला ठाऊक नाही. तशी मुले आपल्या प्रत्येक घरात घडोत, एवढी मंगल कामना व्यक्त करतो.

नमो बुद्धाय. जयभीम.